वैनगंगेच्या फुगवट्यावर कोणती लाकडी डिंगी: एंटरप्राइज, मिरर की फायरबॉल?

सागवानाच्या मुलखातल्या माणसाला होडीचं वेड लागलं की पहिली चूक तो हमखास करतो. होडी सागवानाची करायला निघतो. मीही निघालो होतो. २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांचीच छाती फुगली होती. दारं होतात तर होडी का नाही, असा माझा हिशेब. शेजारच्या ढिवराने फळी उचलून पाहिली, खाली ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, हे दरवाजाले लावा. पाण्यावर हलकं पाहिजे जी."

त्याचं बरोबर होतं. सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं. आपल्याच जंगलातली शिवण पाचशेच्या खाली राहते आणि उन्हापावसात फारशी वाकत-पिळत नाही. शर्यतीच्या छोट्या शिडाच्या होडीत, म्हणजे डिंगीत, प्रत्येक किलो वेगातून वजा होतो. शिवाय सागवानात तेल असतं. ॲसिटोनने पुसल्याशिवाय त्यावर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचा पक्का डिंक, नीट धरत नाही. माझ्या होडीत आज सागवान आहे ते फक्त काठाच्या घासपट्टीला आणि सुकाणूच्या दांड्याला. तेवढी हौस पुरे.

हे आठवायचं कारण असं की गेल्या महिन्यात साकोलीकडच्या एका तरुणाचा फोन आला. शेती आहे, हातात सुतारकी आहे, सिकंदराबादला काही वर्षं नोकरी करून आलेला. तिथल्या पाण्यावर शिडाच्या होड्या पाहून नाद लागला. "काकाजी, तिकडं एक जुनी लाकडी एंटरप्राइज विकायला आहे, आणू का? की मिररसारखी नवीनच बांधू?" पाठोपाठ एका फायरबॉलचा फोटोही आला, वार्निश केलेला, चकाकणारा. एंटरप्राइज, मिरर, फायरबॉल ही डिंगींच्या वर्गांची नावं; एका वर्गातल्या सगळ्या नावा एकाच आखणीच्या. त्याला फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे एकत्र मांडतो.

आधी पाणी बघा

होडी निवडायची ती पाण्यावरून. इंग्लंडातल्या भरल्या तलावासाठी किंवा मुंबईच्या बंदरासाठी दिलेला सल्ला इथे उचलून लावता येत नाही.

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या काठी. वैनगंगेचं हे पाणी रुंद आहे, वाऱ्याला धावायला जागा आहे. पण त्याच्या पोटात झाडांचे खुंट आहेत, जुने बांध आहेत, कुठे विहिरींचे कठडे आहेत. धरणाची पायाभरणी १९८८ ची. पाणी चढलं ते पुढे, आणि गावं उठली. पहिल्यांदा शीड उभारलं त्या दिवशी पुनर्वसनातले एक म्हातारे काठावर आले होते. म्हणाले, "मास्तर, त्या तिकडं जाऊ नोका, तिथं माही आंब्याची झाडं हायेत." नकाशापेक्षा ही माहिती जास्त खरी निघाली. नवख्याने पहिलं काम हेच करावं: ज्यांची शेतं त्या पाण्याखाली आहेत, त्यांच्याजवळ बसावं.

दुसरं, पाण्याची आणि वाऱ्याची वेळ जमत नाही. दिवाळीला तलाव तुडुंब असतात, पण सकाळी पानही हलत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी झळांबरोबर वारा असतो, तर पाणी अर्धा किलोमीटर आत गेलेलं आणि मध्ये पोटरीभर चिखल. खरी मजा जून-जुलैत, पश्चिमेचा वारा लागला की. वावधन उठायची भीतीही तेव्हाच. म्हणून आपल्याला होडी हवी ती हलक्या वाऱ्यात चालणारी, चिखलातून चार माणसांना उचलता येणारी आणि खुंटाला लागली तरी पोट न फाडून घेणारी. मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) किंवा बोडीवर (शेताजवळचं लहान तळं) चालवणार असाल तर बेशरमाची झुडपं आणि कमळाच्या वेली यांचाही हिशेब धरा.

एंटरप्राइज: कमी देखणी, जास्त कामाची

एंटरप्राइज जॅक होल्टने आखली, १९५६ मध्ये ती पाण्यावर आली. 'न्यूज क्रॉनिकल' नावाच्या ब्रिटिश दैनिकाने तिला पाठबळ दिलं होतं. लांबी ४.०४ मीटर, म्हणजे सव्वातेरा फूट. नियमाप्रमाणे कवचाचं, म्हणजे शीड-डोलकाठीशिवाय नुसत्या होडीच्या अंगाचं, वजन कमीत कमी ९४ किलो. दोन माणसं, दोन शिडं, तीही निळी. निळी शिडं हीच तिची ओळख. दोन शिडं मिळून साधारण साडेदहा चौरस मीटर कापड, आणि एवढ्या छोट्या होडीला ते भरपूर आहे. हलक्या वाऱ्यात ती चालते ती याच जोरावर. भारतात ही नाव अनेक वर्षं मोठ्या प्रमाणावर चालली, त्यामुळे मुंबई, पुणे, सिकंदराबादकडे क्लबांनी फायबरच्या नावा घेतल्या की जुनी लाकडी कवचं मागच्या शेडमध्ये जातात. आपल्यासाठी तीच खाण.

आपल्या पाण्याच्या दृष्टीने तिची सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे मधलं पातं. वाऱ्याने नाव बाजूला सरकू नये म्हणून तळातून पाण्यात उतरवलेलं हे पातं, सेंटरबोर्ड, बिजागरीसारखं एका खिळीवर फिरतं. खुंटाला लागलं की मागे वळून पोटात जातं, तुम्ही दचकता, नाव पुढे निघते. मिररमध्ये हे पातं सरळ वरून खाली खुपसलेलं असतं, वळायला जागाच नाही. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. मी एका मित्राची मिररच्या धाटणीची नाव चालवताना बुडालेल्या खुंटावर गेलो होतो. पातं वाचलं, पण ज्या खाचेत ते बसतं तिची बाजू तळापासून उभी फाटली. वल्हवत परत यायला दोन तास लागले आणि मित्राशी बोलणं पूर्ववत व्हायला त्याहून जास्त.

एंटरप्राइजचे दोष लपवणार नाही. मागून वारा असताना ती डुलते, जोराच्या वाऱ्यात दोन्ही बाजूंना झोके खात उलटते. जुन्या नावांमध्ये बंद हवेचे कप्पे नसतात. हवेच्या पिशव्या बांधाव्या लागतात, आणि उलटल्यावर ती पाण्याने भरून अशी बसते की उपसता उपसता हात भरून येतात. पिशव्यांचे पट्टे कुजके असतील तर ऐन वेळी पिशवी सुटून वर जाते आणि नाव खाली. आमच्याकडे कुणी सुरुवातीला ट्रॅक्टरच्या ट्यूब बांधल्या होत्या. हसू नका, त्या तरंगल्या.

जुनी नाव पाहताना

मी पहिली नाव फोटोवर घेतली. विकणाऱ्याने "थोडी डागडुजी लागेल" म्हटलं होतं. संत्र्याची गाडी रिकामी परत येत होती, तिच्यावर टाकून आणली. घरी वरचा रंग खरवडला तर खाली पुटीन, पुटीनखाली पुन्हा पुटीन आणि त्याखाली ओल्या बिस्किटासारखं प्लायवूड. तेव्हापासून मी पाच जागा पाहिल्याशिवाय पैसे देत नाही.

पटाशीच्या मुठीने सगळं कवच ठोकत जायचं. चांगलं प्लायवूड टणक वाजतं, पदर सुटलेलं भद्द वाजतं. टरबूज घेताना जो कान लावतो तोच इथे लावा. मग टोच्याने तपासायच्या जागा: मागचा फळा तळाशी, सेंटरबोर्डची पेटी जिथे मधल्या तळपट्टीला मिळते ती रेघ, डोलकाठीचं बूड बसतं ती खाच, आणि नाव पालथी ठेवली की पाणी साचतं ते कोपरे. टोच्या आत गेला तर तेवढा तुकडा बदलायचा. मागचा फळा बदलणं आठवड्याचं काम आहे, घाबरायचं नाही. पेटीचा तळ कुजला असेल तर मात्र विचार करा, कारण त्यासाठी नावेचं पोट उघडावं लागतं.

डिंकाकडे विशेष लक्ष द्या. पन्नास-साठच्या दशकातल्या नावा युरिया-फॉर्मल्डिहाइड जातीच्या डिंकाने चिकटवलेल्या असतात. वय, ओल आणि उष्णता यांनी तो ठिसूळ होतो, आणि आपल्याकडे यांतलं काहीच कमी नाही. सांध्यात पटाशी घालून हलकेच दाबलं आणि सांधा स्वच्छ उघडला, लाकडाचा एकही तंतू न ओढता, तर समजायचं की डिंक मेला आहे. असे दोन-तीन सांधे निघाले तर ती दुरुस्ती राहत नाही, नवीन बांधणीच होते.

आणि वजन करा. लोक कधीच करत नाहीत.

मिरर: पत्रावळीच्या कुळातली

मिररचा जन्म १९६२ चा, लोकांपुढे आली १९६३ च्या जानेवारीत, लंडनच्या बोट शोमध्ये. आखणी पुन्हा जॅक होल्टची, सोबत बॅरी बकनेल, जो ब्रिटिश टीव्हीवर घरच्या घरी सुतारकाम शिकवायचा. मागे 'डेली मिरर' दैनिक, म्हणून शिडं लाल. ३.३ मीटर लांब, कवच जेमतेम साडेपंचेचाळीस किलो. सत्तर हजारांवर नावा बांधल्या गेल्या, त्यातल्या कितीतरी लोकांनी आपल्या घरामागे.

बांधायची रीत आपल्या माणसाला सांगितली की तो लगेच ओळखतो. प्लायवूडचे कापलेले तुकडे कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना टाचायचे, आकार आला की सांध्यावर काचेची पट्टी आणि रेझिन. पळसाच्या पानांचा द्रोण काडीने टाचतात, अगदी तसं. माझी आई चुलीपुढे बसून द्रोण टाचायची. ती असती तर मिरर पाहून एवढंच म्हणाली असती, की यात नवीन काय.

मिररच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. आतले हवेचे कप्पे बांधतानाच होतात, त्यामुळे उलटली तरी उंच तरंगते, लेकरांना आत बसवताना जीव थाऱ्यावर राहतो. डोलकाठी आखूड, वरचा वासा वेगळा. सगळं सुटं करून नावेच्या पोटात मावतं. दोन माणसं उचलून बंडीवर ठेवतात, खाली धानाचं तणस, वरून दोरी, झालं. मे महिन्यातल्या चिखलात या वजनाची किंमत कळते.

पण दोन अडचणी आहेत. एक खुपसलेल्या पात्याची, ती सांगितली. दुसरी अशी की मिरर ही मुळात संच आणून बांधायची नाव. मिररचा संच इथे मागवणं म्हणजे हळदीपेक्षा गाडीभाडं जड. मग तुम्ही त्या धर्तीच्या एखाद्या नकाशावर बांधणार, आणि ती 'मिरर' नसून मिररची मावसबहीण होणार. शर्यतीचा वर्ग, मोजमाप, शिडावरचा आकडा यांचं ज्याला प्रेम आहे त्याला हे सलतं. ज्याला फक्त रविवारी लेकीला घेऊन पाण्यावर जायचंय, त्याला नाही सलणार.

प्लायवूडचंही सांगतो. दुकानदार "वॉटरप्रूफ" म्हणून जे दाखवतो ते घेऊ नका. पाटीवर आयएस ७१०, म्हणजे नावांच्या प्लायवूडचं भारतीय मानक, छापलेलं मागा. त्याचा तुकडा बहात्तर तास उकळूनही सुटायला नको, असा नियम आहे. घरी घमेल्यात उकळून पाहा, शंका राहत नाही. मात्र हे गर्जन लाकडाचं प्लाय जड असतं. आठ बाय चारचा सहा मिलिमीटरचा ताव बारा-तेरा किलो भरतो, तर परदेशी नावांना लावतात तो ओकूमे या हलक्या आफ्रिकी लाकडाचा ताव आठाच्या आसपास. म्हणजे इथे बांधलेली मिररसारखी नाव साडेपंचेचाळीसला राहणार नाही, साठीकडे जाईल.

फायरबॉल, आणि बाकीच्या सुंदऱ्या

फायरबॉल पीटर मिल्नची, १९६२. जवळपास पाच मीटर लांब, कवच एकोणऐंशी किलो, चपटं नाक, मोठं फुगीर शीड आणि तारेला लटकून नावेबाहेर उभा राहणारा जोडीदार. आपल्या देशाचं या नावेशी नातं आहे: १९८२ च्या आशियाई खेळांत, मुंबईच्या पाण्यावर, फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी याच वर्गात सुवर्णपदक मिळवलं. फोटो पाहून मन जातं हे मला मान्य आहे. पण तारेला लटकण्याएवढा वारा आपल्याकडे वर्षातून मोजके दिवस, आणि त्या दिवशी पाण्यावर मदतीची मोटरबोट नसते, असतो तो ढिवराचा डोंगा. एवढी ताणाताण सोसलेली जुनी प्लायवूडची नाव सांध्यांत सैल झालेली असते हे वेगळंच. नाही म्हणजे नाही.

फायरफ्लायचा मोह मला स्वतःला होता. उफा फॉक्सची आखणी, फेअरी मरीनची बांधणी, १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने चालवायचा वर्ग तोच होता आणि पॉल एल्व्हस्ट्रॉमने त्याच्या चार सुवर्णांपैकी पहिलं त्यात मिळवलं. पण तिचं कवच पातळ लाकडी पापुद्रे साच्यावर एकावर एक चिकटवून, उष्णता आणि दाब देऊन घडवलेलं असतं. पदर सुटले तर आपल्या रंध्या-पटाशीने ते परत जुळत नाहीत.

आणि फळीवर फळी चढवून तांब्याच्या रिवेटांनी जोडलेल्या नावा, जुन्या मर्लिन रॉकेट किंवा नॅशनल ट्वेल्व्ह, त्यांना विदर्भात आणूच नका. त्या नावेचं तंत्रच असं की लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सांधे बंद होतात. आपल्या मे महिन्यात हवेतली आर्द्रता दुपारी अनेकदा वीस टक्क्यांच्या खाली जाते. बैलगाडीच्या चाकाची धाव जशी उन्हाळ्यात सैल होते तशी फळी फळीपासून सुटते. भेगांत इपॉक्सी भरला तर पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या त्याच्यावर दाबून स्वतःच फुटतात. ओलं पोतं टाकून नाव जपणारा माणूस घरी असेल तरच, आणि उन्हाळ्यात त्या पोत्याला पाणी द्यायचं की पिण्याला, हा प्रश्न आमच्याकडे खरा आहे.

कुटुंब मोठं असेल तर जीपी१४ (१९४९, तीही होल्टचीच) स्थिर आणि समंजस आहे, पण एकशे तेहतीस किलोचं कवच चिखलातून कोण नेणार? एकटेच असाल तर क्नुड ओल्सेनची ओके डिंगी पाहा, १९५७ ची, बहात्तर किलो, एकच शीड, घरी बांधता यावी म्हणूनच आखलेली. तुमचा जोडीदार ऐन वेळी लग्नाला जाणारा असेल तर ओकेच बरी.

काम कधी करायचं

हे वेळापत्रक कोणत्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही. दिवाळी ते होळी, एवढाच आपला हंगाम. पावसाळ्यात दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो आणि पुढचा हात धरत नाही. उन्हाळ्यात उलटी गंमत: तापमान दहा अंश वाढलं की इपॉक्सीचा हातात राहायचा वेळ साधारण निम्मा होतो. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडच्या पंचेचाळीस अंशांत मी एकदा वाटीभर कालवला, ब्रश शोधायला वळलो, तोवर वाटीतून धूर. आता मार्चनंतर काम करायचंच झालं तर पहाटे चारला, आणि ताटलीत पसरून. वाटीत तो स्वतःच्याच उष्णतेने पेटतो.

रंग पांढरा द्या. घरी सुकवलेला इपॉक्सी पन्नास-साठ अंशांना मऊ पडायला लागतो, आणि उन्हातलं गडद निळं कवच तेवढं सहज तापतं. निळा रंग शिडाला राहू द्या.

खर्चाचं सांगायचं तर लाकूड सगळ्यात स्वस्त पडतं. इपॉक्सी त्याच्या वर. खरा खड्डा शिडांत, दोरखंडांत आणि दोर ओढायच्या कप्प्यांत पडतो. म्हणून जुनी एंटरप्राइज घेताना कवचापेक्षा आधी विचारा की शिडं, डोलकाठी, सुकाणू सोबत आहे का. ॲल्युमिनियमची सरळ डोलकाठी आणि वापरण्याजोगी शिडं असतील तर अर्धं कुजलेलं कवचही परवडतं; नुसतं चकचकीत कवच फुकट दिलं तरी महाग. फाटलेलं शीड आमच्या मंडपवाल्या शिंप्याने झिगझॅग टाक्याने असं शिवून दिलं की तीन हंगाम झाले, टाका हलला नाही. नवीन शीड कापणं मात्र त्याचं काम नाही. शिडाला पोट असतं, कनात सपाट असते.

शर्यत कुणाशी?

हा प्रश्न त्या तरुणानेच विचारला. पंचक्रोशीत दुसरी एंटरप्राइज नाही, मग शर्यतीची नाव कशाला? यावर जुना तोडगा आहे, पोर्टस्मथ यार्डस्टिक. प्रत्येक वर्गाला एक आकडा; लागलेला वेळ हजाराने गुणायचा आणि आकड्याने भागायचा. एंटरप्राइजचा आकडा साधारण ११२०, मिररचा १३९० च्या जवळ. म्हणजे एंटरप्राइजने जी फेरी ५६ मिनिटांत मारली, ती मिररने ७० मिनिटांत मारली तर दोघं जवळपास बरोबरीत. दोन वेगळ्या नावा असल्या तरी खुन्नस ठेवता येते. डोंग्याला किती आकडा द्यायचा यावर मात्र आमचा आणि ढिवर मंडळींचा वाद मिटलेला नाही, कारण वारा पडला की ते वल्ही मारत पुढे जातात आणि वर विचारतात, "गुरुजी, ढकलू का जी?"

त्यांच्याशी संबंध नीट ठेवा. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाकडे, पण मासेमारीचा ठेका त्यांच्या संस्थेकडे असतो, जाळी त्यांची असतात आणि सेंटरबोर्डने जाळं फाटलं तर चूक आपली. नाव पाण्यात घालण्याआधी विभागाच्या कार्यालयात अर्ज द्या. नवेगावबांधसारख्या ठिकाणी वनखात्यालाही विचारावं लागेल.

त्या तरुणाला मी एंटरप्राइज सांगितली. घरात दहाच्या आतली लेकरं असती आणि पाणी बोडीचं असतं तर मिररची मावसबहीण सांगितली असती. गुरुवारी तो सिकंदराबादला निघतोय. जाताना कापूस तोलायचा काटा सोबत घे म्हटलं. नाव कोरडी करून काट्याला टांग. शंभरपर्यंत भरली तर घासाघीस न करता घे, एकशे दहापर्यंत भरली तर भाव पाड, त्याच्या वर गेली तर आत पाणी मुरलंय. मग बिर्याणी खा आणि रात्रीच्या गाडीने परत ये.